काकांच्या ड्रॉइंगचा डेटाबेस

परवा देहूरोडच्या घरी माळा आवरताना एक सीडी सापडली. वर माझंच अक्षर : 'काका वर्कशॉप, अ‍ॅक्सेस, २००८'. (भाचेमंडळी, सीडी म्हणजे काय ते आईला विचारा!)

काका इथल्या डेपोतून निवृत्त झाले आणि तळवड्यात दोन लेथ टाकून बसले. १९९९ मध्ये मी त्यांना अ‍ॅक्सेस ९७ मध्ये एक फॉर्म करून दिला. पार्ट नंबर टाका, बटण दाबा, ड्रॉइंग पडद्यावर.

अ‍ॅक्सेस बाजारात आलं नोव्हेंबर १९९२ मध्ये. तेव्हा फाईल जोडायची तर ओएलई ऑब्जेक्ट, म्हणजे चित्र टेबलाच्या पोटातच. जोडीला दाखवण्यापुरती त्याची वेगळी प्रत. छोटीशी जेपेग आत गेली की भलतीच फुगायची, आणि ९७ च्या डेटाबेसला मर्यादा एक जीबीची. पण त्याच ९७ मध्ये हायपरलिंक आली आणि सोबत 'फॉलोहायपरलिंक' हा एका ओळीचा कोड. टेबलात फक्त पत्ता, फाईल बाहेर फोल्डरात. मी तेच वापरलं. पुढे चुलतभावाने फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं आणि सगळी बटणं मेली, ते सोडा.

म्हणून २००७ च्या अ‍ॅक्सेसमध्ये 'अटॅचमेंट' आल्यावर मी हुरळलो. एका रेकॉर्डला हव्या तितक्या फाईली, त्याही पोटात, न फुगता! कोडने उघडणं मात्र द्राविडी प्राणायाम. रेकॉर्डसेटच्या आतला रेकॉर्डसेट उघडा, 'सेव्हटूफाईल'ने टेंप फोल्डरात प्रत काढा, मग ती प्रत उघडा. इथेच मला कळायला हवं होतं. आपण प्रतीची प्रत बघतोय.

२००८ मध्ये एका गिऱ्हाइकाने सुधारित ड्रॉइंग पाठवलं. काकांनी ते फोल्डरात जुन्याच्या जागी नीट ठेवलं. डेटाबेसच्या पोटातलं जुनंच राहिलं. कारागिराने बटण दाबलं, जुनं उघडलं, आणि चाळीस बुश भंगारात गेले. चूक सरळ माझी.

काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, कपाटातला कागद बदलला की बदलायचा रे."

त्या रात्री सगळं काढून पुन्हा पत्त्यावर आलो. मूळ फोल्डरचा मार्ग एका वेगळ्या टेबलात ठेवला, म्हणजे ड्राइव्ह बदलला तरी एकच ओळ बदलायची. बटणामागे आधी 'डिर'ने तपासणी, फाईल आहे का? फॉर्मवर फाईलची तारीखही दाखवली. काकांनी फाईलना मराठी नावं दिली होती, ती कोडच्या खिडकीत नुसती प्रश्नचिन्हं दिसायची. त्याची रड पुन्हा कधीतरी.

असो. काकांना जाऊन आता काही वर्षं झाली, वर्कशॉपही राहिलं नाही. सीडी लावली तर फॉर्म चक्क उघडला. पार्ट नंबर, गिऱ्हाइकं, काकांचे शेरे, सगळं जागच्या जागी. बॅकअप घेताना फोल्डर मात्र मी घेतलंच नव्हतं. बटण दाबलं, आणि मीच लिहिलेला संदेश समोर आला :

'ड्रॉइंग सापडले नाही. काकांना विचारा.'