'इन्फ्लेमेबल' : पेटणारे की न पेटणारे?

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की हडपसर मागे पडल्यावर थोड्याच वेळात लोणी काळभोर येते. तुकोबांच्या पालखीचा पुण्यानंतरचा मुक्काम म्हणून वारकऱ्यांना हे गाव ठाऊक आहे. टँकरचालकांना ते ठाऊक आहे ते तेथील तेल कंपन्यांच्या डेपोंमुळे. मुंबईहून पाइपलाइनने आलेले इंधन येथील टाक्यांत साठते आणि टँकरमधून पुढे गावोगावच्या पंपांवर जाते. या टँकरांच्या पाठीवर ठळक अक्षरांत दोन इंग्रजी शब्द रंगवलेले असतात : 'हायली इन्फ्लेमेबल'.

नुकतेच इंग्रजी व्याकरण शिकू लागलेल्या मुलाला या शब्दाचा अर्थ विचारून पाहावा. 'करेक्ट'च्या उलट 'इन्करेक्ट', 'व्हिजिबल'च्या उलट 'इन्व्हिजिबल' हे त्याने घोकलेले असते. 'फ्लेम' म्हणजे ज्वाला हेही त्याला माहीत असते. तेव्हा 'इन्फ्लेमेबल' म्हणजे 'ज्वाला न धरणारे' असे उत्तर तो देईल. त्याच्या तर्कात काही खोट नाही. उत्तर मात्र नेमके उलटे आहे. शिवाय 'हायली' हा शब्द जोडल्यावर मुलाच्या अर्थाने तो टँकर जगातील सर्वांत निर्धोक वाहन ठरतो!

घोटाळा लॅटिनमधून आला आहे. लॅटिनमध्ये 'इन' हे उपपद दोन निरनिराळ्या अर्थांनी येते. एक नकाराचे आणि दुसरे 'आत, वर, कडे' अशा अर्थाचे. 'इन्फ्लेमेबल'मधले 'इन' दुसऱ्या जातीचे आहे. 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणे, भडकवणे. सूज येऊन अंगाची आग होते तिला डॉक्टर 'इन्फ्लमेशन' म्हणतात, त्यातही हेच 'इन' आहे. इंग्रजांना हसण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडेही असा प्रकार आहे. 'विफल' आणि 'विरूप' यांतला 'वि' उणेपणा सांगतो, तर 'विशुद्ध' आणि 'विख्यात' यांतला 'वि' अधिकपणा सांगतो. 'विख्यात' म्हणजे ख्याती नसलेला असे कोणी समजत नाही. 'अमूल्य' वस्तू तर चांगली महाग असते. भाषा ज्याच्या कानावर लहानपणापासून आहे त्याला हे शिकवावे लागत नाही. जो ती नियमांनी शिकतो तो हमखास फसतो.

'विख्यात'चा अर्थ चुकला तर परीक्षेतला एखादा गुण जाईल. टँकरवरच्या शब्दाचे तसे नाही. ही गोष्ट प्रथम जाणवली ती भाषापंडितांना नव्हे, तर आगीचा हिशेब ठेवणाऱ्यांना. 'इन्फ्लेमेबल' हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे. 'इन' गाळलेला 'फ्लेमेबल' पुष्कळ नंतरचा. तो १८१३ साली एका लॅटिन काव्याच्या इंग्रजी भाषांतरात आढळतो आणि पुढे शंभर वर्षे जवळजवळ पडूनच राहिला. १९२० च्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने तो उचलून धरला. ब्रिटनच्या मानक संस्थेने १९५९ साली हेच धोरण जाहीर केले : संदिग्धता टाळण्यासाठी 'फ्लेमेबल' आणि 'नॉन-फ्लेमेबल' हे शब्द वापरावेत. व्याकरणाच्या दृष्टीने 'इन्फ्लेमेबल'मध्ये काहीच चूक नव्हती. एखादा मनुष्य तो उलटा वाचू शकतो, एवढ्याच कारणासाठी एक निर्दोष शब्द मागे सारला गेला. माझ्या मते शब्दकोशांच्या इतिहासातील हा फार शहाणपणाचा निर्णय होय. आपल्या रस्त्यांवर मात्र जुना शब्द अजून धावतो आहे.

शब्द बदलला तरी प्रश्न उरतोच. 'पेटणारे' म्हणजे किती पेटणारे? लाकूडही पेटते, कापूसही पेटतो. मराठीत 'ज्वलनशील' आणि 'ज्वालाग्राही' असे दोन शब्द आहेत. पुष्कळदा ते एकाच अर्थाने वापरले जातात. पण जळू शकणे वेगळे आणि ज्वाला जवळ येताच ती पकडणे वेगळे. लाकडाचा ओंडका ज्वलनशील आहे, पण त्याला काडी लावून तो पेटत नाही. पेट्रोलला काडी लावावीही लागत नाही. दूरची ठिणगी पुरते.

हा फरक मोजायचा कसा, हे एकोणिसाव्या शतकात दिव्याच्या तेलामुळे ऐरणीवर आले. आपण ज्याला रॉकेल म्हणतो (हा 'रॉक ऑइल'चाच मराठी अवतार आणि 'घासलेट' हा 'गॅसलाइट'चा) त्यात हलक्या तेलाची भेसळ असली की दिवे भडकत. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक एबल याने त्यासाठी एक साधे उपकरण तयार केले. झाकण असलेल्या लहान पेल्यात तेल घ्यायचे, पाण्याच्या उष्णतेने ते सावकाश तापवायचे आणि ठरावीक अंतराने झाकणातील भोकातून एक इवलीशी ज्योत आत न्यायची. ज्या तापमानाला तेलावरची वाफ क्षणभर लखकन पेटते तो त्या तेलाचा प्रज्वलनांक. पेटते ती वाफ, द्रव नव्हे, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावी. प्रयोग मात्र वर्गात करून दाखवू नये.

एबलची ही पद्धत १८७९ च्या ब्रिटिश कायद्यात आली. गंमत अशी की, त्याआधीच्या उघड्या पेल्याच्या पद्धतीत १०० अंश फॅरनहाइटला पेटणारे तेल बंद पेल्यात सुमारे ७३ अंशांलाच पेटे, कारण तेथे वाफ निसटून जात नाही. तेल तेच, पण भांडे बदलले की त्याची 'धोकादायकता' बदलली! म्हणून कायद्याला आकड्याबरोबर भांडेही नेमून द्यावे लागले.

आपल्या देशात १९३४ चा पेट्रोलियम कायदा झाला. त्यात 'डेंजरस पेट्रोलियम' या शब्दांची व्याख्या होती : ज्याचा प्रज्वलनांक ७६ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे २४.४ अंश सेल्सिअसच्या खाली आहे ते. पेट्रोलचा प्रज्वलनांक शून्याच्या खाली चाळीस अंशांच्या आसपास असल्याने ते धोकादायक ठरले, यात नवल नाही. परंतु रॉकेलचा प्रज्वलनांक ३५ अंशांच्या वर. तेव्हा कायद्याच्या भाषेत रॉकेल हे 'नॉन-डेंजरस', म्हणजे सरळ मराठीत 'बिनधोक' ठरले.

कायदा करणाऱ्यांना अर्थातच रॉकेल निरुपद्रवी आहे असे म्हणायचे नव्हते. साठवण आणि वाहतूक यांचे परवाने देताना कोठेतरी रेघ ओढायला हवी होती, ती त्यांनी ओढली. परवान्याच्या संदर्भात तो शब्द बरोबरच होता. पण स्वयंपाकघरात संदर्भ बदलतो. एप्रिल-मे महिन्यांत लोणीच्या परिसरात दुपारचा पारा चाळिशीला पोचतो आणि पत्र्याच्या शेडमधला रॉकेलचा डबा त्याहून तापतो. म्हणजे लंडनच्या हवेत सुरक्षित असणारे तेल येथे प्रज्वलनांकाच्या पलीकडे गेलेले असते. पंपाच्या स्टोव्हमध्ये तर तेच तेल दाबाखाली, तापलेल्या नळीतून वाफ होऊन बाहेर पडते. फवारा किंवा वाफ झालेल्या रॉकेलला आपला प्रज्वलनांक किती होता याचे भान नसते. त्यात थोडेसे पेट्रोल मिसळलेले असले तर बोलायलाच नको. 'स्टोव्हचा भडका उडून भाजली' हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांनी काही दशके छापले. त्यातल्या साऱ्याच घटना अपघात नव्हत्या हे आपण जाणतो. पण ज्या खरोखर अपघात होत्या त्यांतले तेल कायद्याने 'बिनधोक' गटातले होते.

१९७० च्या दुरुस्तीने 'डेंजरस' आणि 'नॉन-डेंजरस' ही विशेषणे काढून टाकण्यात आली आणि त्यांच्या जागी अ, ब, क असे तीन वर्ग आले. प्रज्वलनांक २३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर वर्ग अ, २३ ते ६५ च्या दरम्यान ब, आणि ६५ ते ९३ च्या दरम्यान क. पेट्रोल अ मध्ये, रॉकेल आणि डिझेल ब मध्ये. वर्गाचे अक्षर कोणाला घाबरवत नाही, पण खोटा दिलासाही देत नाही.

खोट्या दिलाशाचे सर्वांत गाजलेले उदाहरण एका विमा कंपनीच्या कपाटातून बाहेर आले. बेंजामिन ली व्होर्फ हा अमेरिकन रासायनिक अभियंता १९१९ साली हार्टफर्ड येथील अग्निविमा कंपनीत लागला. कारखान्यांना आगी का लागतात हे तपासणे हे त्याचे काम. फावल्या वेळात तो भाषाशास्त्राचा अभ्यास करी आणि आज त्याचे नाव त्यासाठीच घेतले जाते. १९३९ मध्ये लिहिलेल्या आणि १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्याने आपले विम्याचे अनुभव सांगितले आहेत. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ कामगार जपून वागत. शेजारीच 'एम्प्टी', म्हणजे रिकामी अशी पाटी असली की तेथे बिनदिक्कत विडी-सिगारेट ओढत. वस्तुतः रिकामे पिंपच अधिक घातक. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली तरच मिश्रणाचा स्फोट होतो. बंद, भरलेल्या पिंपात द्रवाच्या वर असलेली वाफ या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे असते. तेथे जळायला पुरेशी हवाच नसते. रिकाम्या, उघड्या पिंपात मात्र तळाशी राहिलेल्या चार थेंबांची वाफ हवेत मिसळून नेमके घातक प्रमाण गाठते. 'रिकामे' हा शब्द द्रवाबद्दल खरा होता, वाफेबद्दल खोटा.

त्याचे दुसरे उदाहरण रसायनशास्त्राच्या शिक्षकांना आवडेल. लाकडाच्या ऊर्ध्वपातनाच्या एका कारखान्यात भट्टीच्या पात्रांना चुनखडीपासून केलेल्या पदार्थाचे वेष्टण होते. इंग्रजी नावात 'स्टोन' म्हणजे दगड. दगड काय पेटणार, म्हणून आगीपासून ते जपण्याचा विचारच कोणी केला नाही. पण पात्रांतून निसटणाऱ्या ॲसेटिक आम्लाच्या वाफेने चुनखडीचे कॅल्शियम ॲसिटेट झाले, ते तापून त्यातून ॲसिटोन निघाले आणि एके दिवशी 'दगडा'ने पेट घेतला.

व्होर्फवर पुढे टीकाही झाली. पिंप रिकामे दिसते म्हणून माणूस फसतो, त्यात भाषेचा काय दोष, असे टीकाकार म्हणतात. ही टीका मला बऱ्याच अंशी पटते. पण भाषेने विचार बांधले जातात की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी तपासनीस व्होर्फचे निरीक्षण उरतेच. आपल्याकडील पेट्रोलियम नियमही तेच सांगतात : पेट्रोलचे भांडे रिकामे झाले तरी ते धुऊन वाफमुक्त करेपर्यंत घट्ट बंद ठेवावे. रस्त्याकडेच्या एखाद्या गॅरेजमध्ये जुन्या पिंपाला वेल्डिंग करू पाहणाऱ्याला हा नियम कोणी वाचून दाखवलेला नसतो.

आता मराठी तोंडी आलेल्या इंग्रजी शब्दांकडे पाहा. 'डेंजर' हा शब्द आपल्याकडे विजेच्या खांबावरून आला. आज मुले 'काय डेंजर बॉलिंग टाकतो!' असे कौतुकाने म्हणतात. 'सिरियस' शाळेत म्हणजे अभ्यासू आणि दवाखान्यात म्हणजे शेवटच्या घटका मोजणारा. गावी 'आई सिरियस' अशी तार आली की पुढचे काही विचारावे लागत नसे. 'धोका' म्हणजे मराठीत संकटाची शक्यता, तर हिंदीत फसवणूक. उत्तरेकडचा चालक 'खतरा' शोधत असतो. हे शब्द बिघडले आहेत असे नव्हे. ऐकणाऱ्याला प्रसंग ठाऊक असतो म्हणून बोलताना त्यांचे छान चालते. पाटीजवळ मात्र प्रसंग समजावून सांगायला कोणी उभे नसते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी याची जाण ठेवली होती. धोक्याची सूचना इंग्रजी किंवा हिंदीत आणि जिल्ह्याच्या भाषेतही लिहावी, आणि तेवढ्यावर न थांबता कवटी व हाडांचे चित्र काढावे, असे त्यांत सांगितले होते.

टँकरवरही आता केवळ शब्द नसतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे घातक माल नेणाऱ्या वाहनावर आणीबाणीच्या माहितीचा फलक लागतो. लोणीच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या टँकरचा हा फलक विद्यार्थ्यांना लांबून वाचायला सांगावा. १२०३ हा संयुक्त राष्ट्रांनी पेट्रोलला दिलेला क्रमांक. डिझेलचा १२०२, रॉकेलचा १२२३. त्याजवळ पेट्रोलसाठी '३ वाय ई' असा संकेत असतो. तो ब्रिटिश अग्निशामक दलांच्या पद्धतीतून आला आहे. ३ म्हणजे फेस वापरा. पाणी जड असल्याने खाली जाते आणि पेट्रोल त्यावर तरंगत जळत राहते. वाय म्हणजे पदार्थ उग्रपणे भडकू शकतो, आग लागल्यास श्वसनयंत्र लावा आणि सांडलेले गटारात जाऊ देऊ नका.

हा फलक बंबवाल्यांसाठी आहे. टँकर उलटल्यावर बंब पोचण्याआधी तेथे पोचतात ते आसपासचे लोक, आणि पुष्कळदा हातात कॅन घेऊन. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानातील अहमदपूर शर्किया येथे महामार्गावर पेट्रोलचा टँकर उलटला. सांडलेले पेट्रोल गोळा करायला शेकडो माणसे जमली आणि भडका उडून दोनशेहून अधिक माणसे दगावली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते; ती वर न जाता जमिनीलगत, खड्ड्यांतून आणि चरांतून पसरते. पेट्रोल भरायला वाकलेला माणूस त्या वाफेतच उभा असतो.

अशा माणसासाठी त्या संकेतात एकच अक्षर आहे, ते शेवटचे 'ई'. त्याचा अर्थ : आसपासच्या लोकांना दूर हलवण्याचा विचार करा. डिझेलच्या संकेतात हे अक्षर नसते.