विश्लेषण : अपघातानंतर पुन्हा मोटारसायकल शर्यतीत उतरायचे कधी आणि कसे?

कर्जत, खोपोली, चौक या पट्ट्यात मोटारसायकलचे वेड जुने आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने घाट चढणारा प्रत्येक दुचाकीस्वार खोपोलीमार्गे जुन्या महामार्गाने, शिंग्रोबाच्या देवळावरून बोरघाटात जातो. यातले काही जण सुट्टी आणि पदरचे पैसे खर्च करून सर्किटवरच्या हौशी शर्यतींतही भाग घेतात. तिथे पडून हाड मोडले, तर पुन्हा गाडीवर कधी बसायचे, हा प्रश्न उरतो.

हाड जुळले म्हणजे माणूस तयार झाला का?

नाही. दुचाकीवरून पडल्यावर कॉलरबोन मोडणे ही नेहमीची दुखापत आहे. प्रौढांमध्ये हे हाड जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. मात्र एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसले, तरी खांद्याची ताकद लगेच परत येत नाही. शर्यतीत जोरात ब्रेक लावताना शरीराचा बराचसा भार मनगट, दंड आणि खांद्यावर येतो. दोन्ही हातांची पकड सारखी आहे का, मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का, जोर लावल्यावर दुखते का, हे फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेणे म्हणूनच गरजेचे असते.

घाई केली तर काय होते?

याचे सर्वांत ठळक उदाहरण मोटोजीपी विजेता मार्क मार्केझ. १९ जुलै २०२० रोजी स्पेनमधील हेरेझ येथे पडल्याने त्याच्या उजव्या दंडाचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर त्याच आठवड्याच्या शेवटी तो पुन्हा ट्रॅकवर उतरला, पण त्याला माघार घ्यावी लागली. पुढे हाडावर बसवलेली पट्टी तुटली. त्या वर्षात आणखी दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि पूर्ण हंगाम वाया गेला. तो परतला एप्रिल २०२१ मध्ये. २०२२ मध्ये त्याच दंडावर चौथी शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे विश्वविजेतेपद मिळायला २०२५ उजाडले. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या खेळाडूची ही गत झाली. हौशी स्वाराच्या मागे तर नोकरी, घर आणि हप्तेही असतात.

भारतीय उदाहरण केरळच्या हरिथ नोआचे आहे. २०२३ च्या डकार रॅलीत पाठीच्या कण्याला दुखापत झाल्याने तो बाहेर पडला. बरा होऊन २०२४ मध्ये परतला, तेव्हा त्याने रॅली-२ गट जिंकला आणि एकूण क्रमवारीत ११ वा आला.

डोक्याला मार लागला असेल तर?

इथे नियम अधिक कडक आहेत. डोक्याला बसलेल्या हादऱ्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. सीटी स्कॅन साफ आला तरी कन्कशन असू शकते. पहिले २४ ते ४८ तास तुलनेने विश्रांती, त्यानंतर हलका व्यायाम आणि पुढे टप्प्याटप्प्याने सराव, अशी सहा पायऱ्यांची पद्धत जगभर वापरली जाते. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यायचा असतो. डोकेदुखी, गरगरणे, विसरभोळेपणा शिल्लक असेल तर पुन्हा पडण्याचा धोका असलेला सराव करायचा नाही. पहिला हादरा बरा होण्याआधी दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो. अपघातात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे. आतला थर एकदा दबला की पुढचा धक्का झेलत नाही.

सराव घाटात केला तर?

तो गुन्हा ठरू शकतो. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वाहन विम्यातही शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. शिवाय घाटात समोरून ट्रक येतो, पावसाळ्यात दरड आणि शेवाळ असते, आणि पडल्यावर धावून येणारा मार्शल नसतो.

मग परतीचा रस्ता कोणता?

मोठी सर्किट्स लांब आहेत : चेन्नईजवळचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइमतूरचे करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडातले बुद्ध सर्किट. राष्ट्रीय शर्यतींसाठी एफएमएससीआय या महासंघाचा परवाना लागतो आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रही. अर्ज करताना जुनी दुखापत डॉक्टरांपासून लपवणे म्हणजे स्वतःबरोबर मागून येणाऱ्या स्वारालाही धोक्यात घालणे.

आधी रोजच्या रस्त्यावर शांतपणे गाडी चालवणे, मग घड्याळ न लावता ट्रॅक डे, त्यानंतर शर्यत, असा क्रम सोयीचा ठरतो. जिथे पडलो त्याच प्रकारच्या वळणावर अंग आखडते का, हे ट्रॅक डेला कळते. आखडत असेल तर वेग कमी ठेवून प्रशिक्षकाबरोबर ते वळण पुन्हा पुन्हा घ्यावे. तरीही भीती जात नसेल, तर तो हंगाम सोडून देण्यात कमीपणा नाही.