गावातलीच बाई : सुईणीपासून आशाताईपर्यंत

बाळ तीन दिवसांचे झाले की आशाताई घरी येते. आल्या आल्या साबणाने हात धुते, बाळाच्या काखेत थर्मामीटर धरते, झोळीच्या काट्यात घालून वजन घेते, मग अंगावरचे दुपटे बाजूला करून घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर ती पुन्हा एकदा मोजते आणि तरीही तेवढेच भरले तर घरच्यांना दवाखान्याची वाट धरायला लावते. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. घरीच झाले असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्तीची. भेटी पुऱ्या झाल्या, कार्ड भरले, की या कामाचे २५० रुपये तिच्या नावे लागतात. आठवी-दहावी शिकलेली, त्याच गावात नांदणारी ही बाई आता इतकी सवयीची झाली आहे की २००५ साली दिल्लीतल्या एखाद्या फायलीतूनच ती जन्मली असावी, असा आपला समज होतो. तिची वंशावळ मात्र बरीच जुनी आहे. त्या वंशावळीत गडचिरोलीचे डॉक्टर आहेत, जामखेडच्या निरक्षर बाया आहेत, परळच्या हाफकिन संस्थेचे एक संचालक आहेत, आणि सगळ्यांच्या मुळाशी, जिचे नाव कोणत्याच नोंदवहीत नाही, ती सुईण आहे.

सुरुवात आपण तिच्यापासूनच करू. ती बहुतेकदा खालच्या मानल्या गेलेल्या जातीतली. एरवी उंबऱ्याबाहेर उभी राहणारी, पण कळा सुरू झाल्या की तिला थेट माजघरात बोलावणे यायचे. विळ्याने नाळ कापणे, वार पडेपर्यंत थांबणे, पुढचे काही दिवस बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणे, पाचवीच्या पूजेला हजर राहणे हे तिचे काम. आणि त्याबदल्यात धान्य, लुगडे-खण, नारळ हा तिचा हक्क. हक्क हा शब्द मी जाणून वापरतो आहे. तिचा विटाळ मानला जायचा, पण तिचे देणे बुडवायला कुणी धजत नसे. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या डॉक्टरांची आणि मिशनरी बायकांची नजर तिच्यावर पडली ती आरोपी म्हणून. बाळंतरोग आणि धनुर्वात तिच्या अस्वच्छ हातांनी पसरतात, हा आरोप खोटा नव्हता. ज्या अंधाऱ्या कोपऱ्यात आणि ज्या चिंध्यांवर तिला काम करावे लागे तो कोपरा आणि त्या चिंध्या तिने निवडल्या नव्हत्या, एवढेच सांगायचे राहून जात असे. १८६६ साली अमृतसरला दायांना शिकवण्याची शाळा निघाली. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावाने डफरिन फंड उभा राहिला आणि त्यातून जनाना दवाखाने निघाले. १९०३ साली लेडी कर्झन यांनी दायांच्या प्रशिक्षणासाठी वेगळा निधीच काढला. सूत्र सगळीकडे एकच होते: सुईणीला एक तर सुधारायचे, नाही तर हटवायचे.

याच वर्षांत आपल्याकडे दुसरी वाट फुटत होती. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांनी प्रबंधाला विषय घेतला होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. कोल्हापूरच्या दवाखान्यातली स्त्री-विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरलेली होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या आणि ती जागा त्यांच्याविनाच राहिली. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदन सुरू केले आणि विधवा-परित्यक्तांना ससूनमध्ये परिचारिकेचे शिक्षण मिळण्याची सोय केली. रुग्णसेवा हे भल्या घरच्या बाईचे काम नव्हे, असे मानणाऱ्या शहरात हे धाडसच होते. पण शहराच्या शाळेत घडलेली परिचारिका शहरातच राहणार, हे उघड होते. खेड्यात कोण जाणार, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे सर्वांत सरळ उत्तर दिले एका शास्त्रज्ञाने, आणि तेच सर्वांत आधी विसरले गेले. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन झाली. समितीचे अध्यक्षपद जवाहरलाल नेहरूंकडे होते. तिच्या आरोग्यविषयक उपसमितीचे प्रमुख होते कर्नल साहिब सिंग सोखी, मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक. दर हजार लोकांमागे एक आरोग्य कार्यकर्ता हवा, त्याला प्रथमोपचार, साधी औषधे आणि स्वच्छतेचे व्यावहारिक शिक्षण द्यावे आणि ही सगळी फळी पाच वर्षांत उभी करावी, असे या उपसमितीने सांगितले. हजारी एक हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो दोनदा भेटणार आहे. त्या वेळी मात्र तो बाजूला पडला. १९४६ साली आलेल्या भोर समितीच्या थोर अहवालाने सगळा भर पूर्ण शिकलेल्या डॉक्टरवर दिला आणि कमी मुदतीचा वैद्यकीय अभ्यासक्रम बंद करण्याची शिफारस केली. अर्धशिक्षित माणसाच्या हाती खेडुताचा जीव द्यायचा नाही, हा विचार उदात्तच होता. परिणाम असा झाला की पुढची पंचवीस वर्षे खेडुताच्या वाट्याला बहुधा कुणीच आले नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली, नर्सबाईंच्या जागा भरल्या गेल्या, पण केंद्र आणि पाडा यांच्यामधले दहा मैल चालणारा माणूस कागदावरच राहिला.

आता आपण जामखेडला येऊ. तेव्हाच्या नगर जिल्ह्याचे हे पूर्व टोक, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबादला लागून असलेले, सततच्या अवर्षणाचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले दांपत्य. आधी वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे तेच ते आजार बरे करून पाहिले आणि तेच रोगी पुन्हा दारात उभे राहिलेले पाहिले. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० साली ते जामखेडला आले. १९७१ मध्ये या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत होती. लवकरच बहात्तरचा दुष्काळ आला. गावांना डॉक्टरकडून हवे होते ते आधी पाणी आणि मग अन्न. औषधांचा नंबर नंतर. तेव्हा डॉक्टरांनी बोअर घेण्यापासून सुरुवात केली आणि पाणी दलित वस्तीतच लागेल अशा जागा धरल्या, म्हणजे बाकीच्या गावाला घागर घेऊन तिकडे जावेच लागेल. पुरुषांना एकत्र आणायला व्हॉलीबॉल कामी आला, त्यातून शेतकरी मंडळे निघाली. महिला मंडळे मागून आली, कारण बायकांना घराबाहेर बसायची मोकळीक आधी पुरुषांकडून मिळवावी लागली. मला जामखेडची ही चाल फार हुशारीची वाटते. बायकांचे सक्षमीकरण म्हणून जे पुढे गाजले त्याचा पहिला डाव व्हॉलीबॉलच्या जाळ्यावर खेळला गेला.

आरोग्याच्या कामासाठी आरोळ्यांनी आधी रूढ मार्गच धरला होता. शिकलेल्या नर्स त्यांनी गावोगाव ठेवून पाहिल्या. त्या तरुण मुली, एकट्या, शहरी वळणाच्या. त्यांना गावात राहायचे भय आणि गावाला त्यांच्या बोलण्याचा भरवसा नाही. लेकराच्या अंगावर सूज आली तर ती देवीच्या कोपाने, बाळंतिणीने पोटभर खाल्ले तर तिला बाधेल, असे मानणाऱ्या सासूला वीस वर्षांची परकी पोरगी काय पटवणार? तेव्हा प्रत्येक गावातून गावानेच एक बाई निवडायची असे ठरले. ज्या बाया आल्या त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या, कितीतरी दलित. लग्न लहानपणी झालेले, दोन-तीन लेकरे गेलेली. डॉक्टरी जगाच्या दृष्टीने यांच्याइतकी नालायक निवड दुसरी नव्हती. पण लिहिता न येणाऱ्यांची स्मरणशक्ती दांडगी असते, आणि दगावलेल्या लेकराची आई जुलाबावरचे साखर-मिठाचे पाणी करायला शिकली की ती ते विसरत नाही. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, मुक्काम करीत. सगळ्या जातींच्या बाया एका पंगतीत जेवत आणि रात्री एकाच खोलीत शेजारी शेजारी झोपत. अभ्यासक्रमातला सर्वांत अवघड धडा हाच असावा. क्षयाची लक्षणे ओळखणे त्यापेक्षा सोपे. गावी परतल्यावर घरोघर जायचे, गरोदर बायांची तपासणी करायची, मुलांची वजने घ्यायची, कुष्ठरोगाचे चट्टे हेरायचे, आणि सुरक्षित बाळंतपण करायचे. म्हणजे जुन्या सुईणीचे काम अखेर एका नव्या बाईच्या हाती आले, या वेळी ब्लेड उकळून घेऊन. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत इथला बालमृत्यूचा आकडा तिशीच्या आत आला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरच्या अशा प्रयोगांचे पुस्तक काढले, त्यात जामखेडवर एक प्रकरण होते; १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेड एकटे नव्हते. पुण्याजवळच्या वढूला केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी गावातल्या कार्यकर्त्या तयार करीत होत्या. अलिबागकडच्या मांडव्याला डॉ. नोशिर अंतिया या प्लास्टिक सर्जनने तीसेक गावांतल्या अल्पशिक्षित बायांना हेच काम शिकवले. मांडव्याचा प्रयोग १९८३ मध्ये बंद पडला, आणि तो फसला म्हणून नव्हे. स्थानिक पुढाऱ्यांना तो नको झाला होता. गावातली बाई शहाणी झाली की तिच्यामुळे कुणाचे तरी वजन कमी होते, हे या इतिहासात वारंवार दिसते.

सरकारने हा धागा पहिल्यांदा उचलला २ ऑक्टोबर १९७७ रोजी. जनता पक्षाचे राज्य होते, राजनारायण आरोग्यमंत्री होते, आणि थोडक्या शिक्षणावर खेड्यात उपचार करणाऱ्या चीनच्या 'अनवाणी डॉक्टरां'ची कीर्ती सगळीकडे पसरली होती. दर हजार लोकांमागे एक कार्यकर्ता, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन आणि ५० रुपयांची औषधे, अशी ती योजना. सोखींचा आकडा परत आला, पण निवडले गेले ते बहुतांशी पुरुष. पंचायतीने निवडायचे म्हटल्यावर कुणाचा तरी पुतण्या, कुणाचा तरी भाचा लागला. गरोदर बाईला तपासायला हे गडी कसे जाणार, हा प्रश्न योजना आखताना कुणाला पडला नसेल असे वाटत नाही. पडूनही सोडून दिला असावा. योजनेची नावे बदलत गेली, मानधन मात्र पन्नासावरच थिजले, आणि २००२ मध्ये केंद्राने पैसे देणे थांबवले.

दरम्यान गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून काम करीत होते. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली तेव्हा ९२ टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला होता. बायकांनी कधी सांगितले नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते. नवजात बाळांच्या प्रश्नाकडे ते वळले तेव्हा त्यांनी ३९ गावांतल्या थोड्या शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केले. बाळाचे वजन, तापमान, श्वास पाहायला आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन द्यायलाही शिकवले. १९९९ च्या 'लॅन्सेट'मधल्या निबंधात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे आकडे होते. जामखेडने जे प्रत्यक्षात दाखवले होते, ते गडचिरोलीने तुलनेची ४७ गावे शेजारी ठेवून सिद्ध केले. दिल्लीला पटते ते तक्त्यात बसलेले सत्य. लेखाच्या सुरुवातीची ती घरभेट थेट इथून आली आहे. २०११ मध्ये ती देशभरच्या आशांच्या कामात दाखल झाली.

त्याआधी २००२ मध्ये छत्तीसगडने पाड्यापाड्यावर मितानीन नावाची आरोग्य कार्यकर्ती उभी केली होती. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि आशा अवतरली: हजारी एक, बाईच, गावातलीच, २५ ते ४५ वयाची, आठवीपर्यंत शिकलेली, ग्रामसभेने निवडलेली. महाराष्ट्रात ती आधी आदिवासी भागात आली, मग इतरत्र. कागदावर तिच्यात जामखेड, गडचिरोली, रायपूर सगळे एकवटले होते. फरक पडला तो देण्याघेण्याच्या व्यवहारात. ती स्वयंसेविका, म्हणून पगार नाही. पण लसीकरणाचे इतके, दवाखान्यातल्या बाळंतपणाचे इतके, असा कामागणिक मोबदला. सुईणीचा हक्क संपला आणि तुकड्या-तुकड्याने मोजलेले काम आले. शिवाय सरकारने दवाखान्यातल्या बाळंतपणावर जोर दिला तशी खुद्द सुईण या चित्रातून निघून गेली. तिचे हात धुवायला शिकवण्यात दीडशे वर्षे गेली आणि ते शिकल्यावर तिला घरी बसवले गेले.

जामखेडची बाई महिला मंडळाला उत्तर द्यायची, आशाताई उत्तर देते ती तिच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तकाला, नर्सबाईंना आणि मोबाइलमधल्या ॲपला. तरी गावाने तिला आपली मानणे सोडलेले नाही, आणि रात्री दोनला दार वाजते ते तिचेच. कोविडच्या काळात घरोघर सर्व्हे तिने केला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सुमारे दहा लाख आशांचा गौरव केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. आशांना तसा निकाल अजून मिळायचा आहे. अशा योजनांत राबणाऱ्यांना कामगार माना, असे भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच सुचवले होते. महाराष्ट्रातल्या आशा वारंवार संपावर गेल्या, फेब्रुवारी २०२४ मध्ये आझाद मैदानावर दिवस-रात्र बसून राहिल्या, आणि मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मासिक ५ हजारांची वाढ मंजूर केली. तोवर रक्तदाब-मधुमेहाच्या पाहणीपासून आयुष्मान कार्डापर्यंत नवी कामे तिच्या पिशवीत येऊन पडली होती. तिने सांभाळायची लोकसंख्या मात्र अजूनही सोखींच्या उपसमितीने धरली होती तेवढीच आहे: एक हजार.