तंजावरचे चौघे बंधू

चौघे बंधू : चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू. नट्टुवनारांच्या, म्हणजे नृत्यगुरूंच्या घराण्यातले हे भाऊ मुत्तुस्वामी दीक्षितरांचे शिष्य. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (१७९८–१८३२) यांच्या दरबारात ते वाढले. अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा भरतनाट्यमचा जो क्रम आज रंगमंचावर दिसतो, त्याची बांधणी मुख्यतः यांचीच. पुढे चिन्नय्या म्हैसूरला गेले. वडिवेलू त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळांकडे गेले; कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुजवणाऱ्या पहिल्या वादकांत त्यांची गणना होते, आणि त्रावणकोरच्या या राजाने त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले होते.

तंजावरच्या दरबारात तेलुगू, तमिळ, संस्कृत आणि मराठी एकत्र नांदत होत्या. सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी पदे आहेत. ती 'कोरव्यांच्या साहित्याचे जिन्नस' या नावाने ओळखली जातात. म्हणजे या नृत्याच्या घडणीच्या काळात दरबारात मराठी शब्दांवरही पावले पडत होती. आपल्याकडचे इतिहासकार सरफोजींच्या ग्रंथसंग्रहाचे कौतुक करून थांबतात, ते अपुरे आहे.

१८५५ साली वारसाअभावी संस्थान खालसा झाले आणि कलावंतांचा आश्रय तुटला. १८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाईंचा विवाह सयाजीराव गायकवाडांशी झाला, तेव्हा तिथल्या नर्तकी बडोद्यास आल्या.