बायोइन्फर्मेटिक्स ‘मायनर’ म्हणजे काय? बीएस्सीला प्रवेश घेण्याआधी वाचा

छत्रपती संभाजीनगर : नवीन शैक्षणिक धोरणामुळे बीएस्सीला आता मेजर आणि मायनर असे विषय निवडावे लागतात. मेजर हा मुख्य विषय, पदवी त्याचीच. मायनर म्हणजे जोडविषय. तीन वर्षांच्या 120 ते 132 क्रेडिटपैकी त्याला 20 च्या आसपास येतात.

बायोइन्फर्मेटिक्स म्हणजे सजीवांच्या डीएनएची माहिती कॉम्प्युटरवर तपासणं. उदाहरण आपल्या तुरीचंच घ्या. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने इतर संस्थांसोबत 2011 मध्ये तुरीचा जीनोम उलगडला. त्यासाठी ‘आशा’ हे वाण घेतलं होतं. त्यात 48,680 जनुकं असल्याचा अंदाज निघाला. एवढी माहिती वहीत मांडून भागत नाही, तिथं प्रोग्रॅमिंग लागतं. मर रोगाला दाद न देणारी जनुकं सापडली, की नवं वाण काढायचा वेळ वाचतो.

बॉटनी, झूलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा कॉम्प्युटर सायन्स मेजर असलेल्यांना हा मायनर जुळतो. पायथन अन् संख्याशास्त्र शिकावं लागतं, गणिताची भीती असेल तर जड जाईल. एनसीबीआयचा डेटा फुकट आहे. तो मोबाइलवर बघता येतो, पण कामाला लॅपटॉपच हवा.

नुसत्या मायनरवर नोकरी धरून चालू नका, पुढं एमएस्सी करावी लागते. पुणे विद्यापीठात याचं केंद्र 1987 पासून आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न प्रत्येक कॉलेजात हा मायनर असेलच असं नाही. फी भरण्याआधी कॉलेजात मायनरची यादी मागा, शिकवायला शिक्षक आहेत का तेही विचारा.