क्वाय नदी : उसने स्थळ, उसने नाव

युद्धपटातील वेष, शस्त्रे व पटकथा यांच्या सत्यासत्यतेची चिकित्सा पुष्कळ होते. भूमी मात्र नेपथ्य समजून सोडून दिली जाते. वस्तुतः एका देशाची भूमी दुसऱ्या देशाच्या नावाने उभी केली जाते, तेव्हा काय दाखविले याइतकेच काय गळले हेही पाहणे अगत्याचे असते. डेव्हिड लीन दिग्दर्शित ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) हा चित्रपट या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

कथेचे स्थळ सयाममधील. चित्रीकरण मात्र सिलोनमध्ये झाले. कितुलगल येथे केळणी नदीवर चित्रपटासाठी लाकडी पूल बांधण्यात आला व कॅमेऱ्यापुढे तो उडवून देण्यात आला. गंमत अशी की, याच चित्रपटात सिलोन स्वतःच्या नावानेही अवतरते. माउंट लॅव्हिनिया येथील सागरतीरावरील हॉटेल त्यात लष्करी रुग्णालय झाले आहे. म्हणजे एकाच बेटाने येथे दोन भूमिका केल्या : एक शत्रूच्या ताब्यातील अरण्याची, दुसरी ब्रिटिशांच्या सुरक्षित तळाची.

आता मूळ वस्तुस्थिती पाहू. जपानी सैन्याने सयाम व ब्रह्मदेश जोडणारा सुमारे ४१५ किलोमीटरांचा लोहमार्ग युद्धकैदी व मजूर यांच्याकडून बांधून घेतला; तो ऑक्टोबर १९४३ मध्ये पुरा झाला. कांचनबुरी शहराजवळ तामरकान येथे १९४३ मध्ये प्रथम एक लाकडी व नंतर एक पोलादी, असे दोन पूल उभे राहिले. पोलादी पुलाचे गाळे जावा बेटावरून आणलेले होते. दोन्ही पूल सुमारे दोन वर्षे वापरात राहिले आणि १९४५ मध्ये विमानांच्या बॉम्बवर्षावाने निकामी झाले. पोलादी पूल युद्धानंतर दुरुस्त होऊन आजही वापरात आहे. पहिलीच गाडी येताच पूल कोसळण्याचा प्रसंग इतिहासात घडलेला नाही. तामरकान येथील ज्येष्ठ ब्रिटिश अधिकारी लेफ्टनंट कर्नल फिलिप टूसी हेही चित्रपटातील कर्नल निकल्सनसारखे शत्रूच्या पुलाच्या मोहात सापडलेले नव्हते. त्यांच्या हाताखालील कैद्यांनी पुढे या चित्रणाला हरकत घेतली, ती या कारणाने.

भाषाभ्यासकाला अधिक खिळवून ठेवते ते नदीचे नाव. मूळ फ्रेंच कादंबरीचा (१९५२) लेखक पियेर बूल युद्धकाळात इंडोचीनमध्ये कैदेत होता. या लोहमार्गावर त्याने काम केलेले नव्हते. लोहमार्ग दूरवर ‘ख्वॅ नोय’ नदीच्या काठाने जातो, म्हणून पूलही तिच्यावरच असावा असे त्याने गृहीत धरले. प्रत्यक्षात पूल होता मेक्लाँग नदीवर. शिवाय थाई भाषेत ‘ख्वॅ’ म्हणजे उपनदी, ‘नोय’ म्हणजे लहान. महाप्राण व्यंजन आणि दीर्घ ‘अॅ’ यांची ही जोडी रोमन लिपीत ‘क्वाय’ अशी उतरली, आणि ‘ख्वाय’ हा थाई शब्द तर म्हशीचा वाचक आहे! सामान्यनामाचे असे अपभ्रष्ट विशेषनाम झाले. चित्रपट पाहून प्रवासी ‘क्वायवरील पूल’ शोधीत येऊ लागले. तेव्हा १९६० च्या सुमारास पुलाखालून वाहणाऱ्या मेक्लाँगच्या भागालाच ‘ख्वॅ याय’, म्हणजे मोठी उपनदी, असे नाव देण्यात आले. नाव सामान्यतः वस्तूमागून येते. येथे वस्तूला नावामागून जावे लागले.

परंतु नावाची चूक दुरुस्त करता येते. माणसांच्या विस्मरणाचे तसे नाही. या मार्गावर साठ हजारांहून अधिक दोस्त युद्धकैदी राबले व त्यांपैकी बारा हजारांहून अधिक मेले. त्यांच्या कितीतरी पट संख्येने आशियाई मजूर होते : मलायातील मळ्यांवरचे तमिळ, मलायी, ब्रह्मी व जावानी. त्यांच्यातील मृतांचे अंदाज भिन्न असले, तरी ते युद्धकैद्यांच्या मृत्युसंख्येहून अनेक पटींनी अधिक आहेत, याबद्दल मतभेद नाही. कांचनबुरीच्या युद्धस्मशानात सुमारे सात हजार सैनिकांच्या कबरी नीट राखलेल्या आहेत. मजुरांच्या वाट्याला अशी नोंद क्वचितच आली.

चित्रपटातही ते जवळजवळ नाहीत. हा दोष केवळ स्थळनिवडीचा म्हणता येणार नाही, कारण कथेचा गाभाच दोन सेनाधिकाऱ्यांच्या अभिमानांचा संघर्ष हा आहे. तथापि कितुलगलच्या निर्जन भासणाऱ्या खोऱ्याने त्या गाभ्याला अनुकूल अशी भूमी पुरविली. शहराजवळचा पूल आणि शेकडो मैल पसरलेल्या मजुरांच्या छावण्या जेथे दृष्टिआड होतात, तेथे एक छावणी म्हणजेच संपूर्ण लोहमार्ग असा भास होणे स्वाभाविक आहे.

म्हणून अशा चित्रपटांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहताना ‘हे स्थळ खरे आहे काय?’ एवढाच प्रश्न पुरेसा नाही. या उसन्या भूमीवर कोणाला उभे राहण्यास जागा मिळाली आणि कोणाला नाही, हे विचारले पाहिजे. नदीला तिचे नवे नाव मिळाले; मेलेल्या तमिळ मजुरांपैकी बहुतेकांची जुनी नावेही आपल्यापाशी नाहीत.