बाहुबल आणि हाताचे वजन

बडोदे हे बाहुबलाची उपासना केलेले शहर. जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा राजरत्न प्राध्यापक माणिकरावांनी येथे वाढविली; मोडलेले हाड, निखळलेला सांधा बसवून घेण्यासही लोक त्यांच्याकडे येत. व्यायामाचा मराठी ज्ञानकोश याच शहरी द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत सिद्ध केला. दुबळा हात मेहनतीने बळकट होतो, ही या साऱ्या उद्योगामागील श्रद्धा. आणि निरोगी देहापुरती ती खरीही आहे.

परंतु एका दुबळेपणापुढे जोर-बैठकांचे शास्त्र चालत नाही. बालवयात जडणाऱ्या स्नायुक्षयाचे स्वरूप द्युशेन या फ्रेंच वैद्याने १८६८ साली तेरा रुग्णांच्या हकीकतींवरून उलगडून दाखविले. त्याचे मूळ मात्र १९८७ साली हाती लागले : स्नायुतंतूंना सांभाळणारे डिस्ट्रॉफिन नामक प्रथिन या मुलांच्या देहात जवळजवळ नसतेच. असे स्नायू अतिश्रमाने उलट अधिकच झिजतात. आधी पाय थकतात, पुढे खांदे. बोटे मात्र बरीच वर्षे चालू राहतात. मुलगा ताटातला भात कालवू शकतो, पण घास तोंडाशी नेऊ शकत नाही. माणसाचा एक हात देहाच्या वजनाचा सुमारे विसावा हिस्सा भरतो; साठ किलोच्या माणसाला हे ओझे तीन किलोंचे. घासाचे वजन ते काय! हातालाच हात उचलवत नाही.

हे मर्म अमेरिकेत पोलिओच्या साथींच्या काळी कारागिरांच्या ध्यानी आले. चाकांच्या खुर्चीला बॉल-बेअरिंगवर फिरणारी पन्हळ जोडून तीत कोपराखालचा हात ठेवीत, आणि रुग्ण आपल्या हाताने जेवी. पुढे १९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील रँचो लॉस अमीगोस रुग्णालयाने विजेच्या मोटारींचा सात सांध्यांचा हात केला. त्याच्या कळा जिभेने दाबावयाच्या. चातुर्य अचाट खरे. पण जेवताना जिभेलाच हमाली!

उत्तर निराळ्याच ठिकाणी तयार होते. जॉर्ज कारवर्डीन या इंग्रज मोटार-इंजिनियराने १९३२ च्या सुमारास मेजावरील दिव्यासाठी स्प्रिंगांची अशी जुळणी केली की, दिवा नेऊन ठेवावा तेथेच तो स्थिर राही. हेच तत्त्व डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे तारिक रहमान यांनी रुग्णाच्या हाताला लाविले. दंडाशेजारी हलका सांगाडा आणि रबरी पट्टे. जितके हाताचे वजन, तितके पट्टे. मोटार नाही, बॅटरी नाही. हात जणू पाण्यावर तरंगतो आणि उरलीसुरली शक्तीच कामास पुरते. पुढे त्रिमिती छपाईने त्याचे भाग प्लास्टिकचे झाले आणि लहान मुलांनाही तो पेलू लागला. अर्थात भरलेला पेला उचलताच तोल ढळतो, आणि स्नायू फारच क्षीण झाले की मोटारीवाचून गती नाही.

सयाजीरावांच्या बडोद्यात १८९० साली कलाभवन निघाले. गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. दादासाहेब फाळके तेथलेच विद्यार्थी. १९४९ साली ते विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा झाले, आणि त्याच वर्षी येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रबर, बेअरिंग आणि ॲल्युमिनियमची पट्टी यांत अशा कारखान्याला अवघड काही नाही. अवघड आहे ते माप. हे यंत्र टेबल, खुर्ची आणि चमचा यांच्या हिशेबाने घडले आहे. पाटावर बसून पाच बोटांनी वरणभात जेवणाऱ्या मुलाचे मनगट आणि कोपर कसे वळते, ते येथेच मोजावे लागेल.